टाकी दिसते, ये

प्रिय अंजुम,

परवा अल्तमश देऊळगाव राजाहून मुद्दाम अमडापूरला आला होता. तू आता घरातल्या घरात काठीशिवाय चालतेस, हे तुझ्या भावाकडून ऐकून आईने त्याच्यासाठी दुसऱ्यांदा चहा टाकला. मी मात्र त्याच्याकडे धड बघू शकले नाही. जाताना त्याने तुझा निरोप दिला.

चिखलीच्या कॉलेजात आपण एका बाकावर बसायचो. तू विमान शिकून आपल्याच भागातल्या त्या खाजगी धावपट्टीवर पायलट झालीस, आणि तिथल्या रेडिओखोलीत जागा निघाली तेव्हा मालकापुढे माझं नाव तूच घातलंस. तुझे अब्बा, रहेमतुल्लाचाचा, सगळ्यांना सांगायचे, "खाली दीपमाला हाये ना, मंग मले पोरीची फिकर नाही."

काम अवघड नव्हतं. दर अर्ध्या तासाने गच्चीवर जाऊन किती दूरचं दिसतं ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. दीड किलोमीटरवरची गावाची पाण्याची टाकी दिसली, तर विमान उतरू शकतं. नाही दिसली, तर पायलटला परत पाठवायचं.

जानेवारीतल्या त्या सकाळी आठ वाजता टाकी स्वच्छ दिसत होती. साडेआठला मी वर गेलेच नाही. थंडी होती, आणि फोनवर आपल्या वर्गातली महामाया तिच्या लग्नाच्या साड्यांबद्दल बोलत होती. मी आठ वाजताचाच आकडा खाली पुन्हा लिहिला. इतकंच. थोड्या वेळाने रेडिओवर तुझा आवाज आला, "दीपे, वरून त नुसती धुवारी दिसून राह्यली. खाली कसं हाये?" धुकं आल्याचं तू स्वतः सांगत होतीस, तरी मी खुर्चीतून उठले नाही. म्हणाले, "टाकी दिसते, ये."

धडाका ऐकून बाहेर धावले, तेव्हा दारातून समोरची पट्टीसुद्धा दिसत नव्हती. विमान पट्टीच्या अलीकडे, तुरीच्या शेतात बाभळीवर आदळलं होतं. तुझ्यापर्यंत पहिली मीच पोचले. पाय पत्र्यात अडकलेले असताना तू मला विचारलंस, "टाकी दिसत व्हती ना?" आणि मी हो म्हणाले. अंजुम, पहिली चूक आळसाची होती. ही दुसरी मी शुद्धीत, तुझा हात हातात घेऊन केली.

पुढे चौकशीत तू माझीच बाजू घेतलीस. दीपमालाने बघितलं तेव्हा दिसत असेल, धुकं नंतर सरकलं असेल, असं म्हणालीस. चौकशी अधिकाऱ्यांनी लिहिलं की पट्टी दिसत नसताना पायलट खाली आली. तुझा परवाना गेला. मी रजिस्टर सांभाळत राहिले.

आता तू अपील केलंस, आणि धुकं अचानक आलं एवढंच मी साक्षीत सांगावं, असा तुझा निरोप आहे. ते मी सांगणार नाही. मी न बघताच तुला उतरायला सांगितलं, हे आज सकाळी चौकशी कार्यालयाला सहीनिशी लिहून पाठवलं. त्याने तुझा परवाना परत येईल की नाही, मला माहीत नाही. त्यांचा कागद तुझ्या हाती पडण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माफी मागायचं धाडस नाही. साक्षीच्या दिवशी मी तिथे असेन. तुला वाटलं तर बोल.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
दीपमाला