शकूची शपथ

॥ श्री ॥
तलमडुगु, मार्गशीर्ष शु. २, शके १८५८

ती. सौ. कौशल्याअक्कास बालके उद्धवचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

कापसाची वेचणी जोरात आहे. खाणीच्या धुराने दाजींना खोकला धरल्याचे कळले. त्यांना म्हणावे, इकडे येऊन ज्वारीची भाकर खा, खोकला वाट धरेल.

आता तुझ्या लाडक्या लक्ष्मणचे. परवा हा अफूच्या गुंगीत बांधावर पडलेला आणि त्याची शकू एकटी विहिरीच्या काठावर खेळत होती. वेचणीवाल्या बयनाबाईने पाहिले म्हणून पोर वाचली. मग मी दयामाया ठेवली नाही. देवघरात खंडोबापुढे त्याला बेलभंडार उचलायला लावला, दुसरा हात शकूच्या डोक्यावर. पुन्हा अफू तोंडात गेली तर या पोरीचे वाईट होईल, असे त्याच्याच तोंडून वदवून घेतले.

तेव्हापासून ओकतो आहे, पोटात मुरडा आहे, हातपाय आपटतो. आशा रडते. मी तिला सांगितले की ही नवऱ्याची सोंगे आहेत. खाणे त्याच्या हातात होते, सोडणेही त्याच्याच हातात आहे.

धाकट्यावरची माया माझ्यावरही थोडी राहू द्यावी.

तुझा
उद्धव

॥ श्री ॥
बेल्लमपल्ली, मार्गशीर्ष शु. ६

चि. उद्धव यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचून लाटणे हातातून खाली ठेवले. यांनी तसेच उठून इथल्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले की हे सोंग नव्हे, हा रोग आहे. इतकी वर्षे अफूवर चाललेल्या शरीराची अफू एकाएकी तोडली तर अशक्त माणूस दगावतो. यांच्या खाणीतले भगवंतराव आदिलाबादला निघाले आहेत, त्यांच्या हाती बाटली पाठवते. तिच्यातही अफूच आहे, पण मोजकी. रोज थोडी कमी करत न्यायची.

अरे, आई वेचणीला जाताना आपल्या तिघांना बोटावर अफू चाटवून निजवायची, ते विसरलास? लक्ष्मण तर चालायला लागला तरी ते बोट मागायचा. त्याने कधी काय ठरवले होते? तू लहानपणापासून न्यायाधीश. आंब्याच्या फोडीसुद्धा एकीशी एक लावून वाटायचास. आता न्याय पुरे, बाबा. औषध दे.

तुझ्यावर रागावले तरी तुझीच.

कौशल्या

॥ श्री ॥
तलमडुगु, मार्गशीर्ष शु. ११

ती. अक्कास सा. न. वि. वि.

ते बोट मीही चाटले, तूही. मग मी आज अफू खातो का? एवढे तुला विचारायचे म्हणून दौत घेतली होती. पण भांडायचे बळ आता राहिले नाही. लक्ष्मणचे डोळे खोल गेले आहेत. घोटभर पाणीही पोटात ठरत नाही.

काल बाटली आली. मी चमचा त्याच्या ओठांशी नेला. त्याने वासावरून ओळखले आणि दात आवळले. औषध आहे म्हणून समजावले, आशाने पाय धरले. तो म्हणतो की औषध तुमच्यासाठी, देवासाठी ती अफूच. माझ्या शकूला काही झाले तर? बळेच ओतले तर थुंकून टाकले. अक्का, जो अफूच्या गोळीसाठी माझ्या पाया पडायचा, तोच आता माझा हात ढकलतो. काय करू ते उलट टपाली कळव.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारा
उद्धव

॥ श्री ॥
बेल्लमपल्ली, मार्गशीर्ष शु. १५

चि. उद्धव यास आशीर्वाद.

शपथ तू घातलीस, सोडवायचीही तूच. पोरीवरून पाणी उतरून टाक आणि लक्ष्मणला ऐकू येईल असे देवापुढे तीनदा सुटली म्हण. कोप व्हायचा असेल तर कौशल्यावर होवो, हेही म्हण. थोरपणा आड आणू नकोस. यांना रजा मिळताच आम्ही निघतो. माझ्या भावाला धरून ठेव रे.

कौशल्या

तलमडुगु, मार्गशीर्ष व. ४

ती. अक्कास उद्धवचा नमस्कार.

माथ्यावर श्री नाही, त्यावरूनच तू ओळखले असशील.

तुझे पत्र काल सकाळी आले. लिहिलेस तसे सगळे केले. पाणी उतरले, तीनदा सुटली म्हणालो, तुझे नाव घेऊन कोपही मागितला. लक्ष्मण ऐकत होता. मान हलवून म्हणाला की दादा, तुमी मायेपायी बोलून राह्यले, देव नाही बोलला. चमचा परत नेला तर पुन्हा दात आवळले.

मग मात्र मी त्याच्यासमोर रडलो. त्याला वाटले, मला अजून संशयच आहे. त्याने कसेबसे तोंड उघडून जीभ दाखवली आणि म्हणाला की काऊन रडून राह्यले दादा, म्या नाही खाल्ली. दिवे लावायच्या आधीच गेला.

त्याच्या अंगी निग्रह नाही, असे मी गावभर सांगत फिरलो होतो. एवढा निग्रह मला तरी झेपला असता का, कोण जाणे. रोग होता की हट्ट, याचा निवाडा आता तू कर. माझ्याने होत नाही.

शकू बरी आहे, अंगणात खेळते आहे. लोक भेटायला येतात आणि म्हणतात की उद्धवराव, शेवटी तुमी त्याची अफू सोडवली. मी मान खाली घालून हो म्हणतो.

लोभ असावा हे कोणत्या तोंडाने लिहू? तू ये.

उद्धव