सभेनं मागितलेली परीक्षा

१७ मार्च, सोमवार
शेडचं टिन तापायला लागलं. शाळेची रोजची सभा कडुनिंबाखाली हलवली.
संध्याकाळी प्रज्ञाचे वडील आले. इंगळे, इथंच बडनेऱ्याला रेल्वेत. चहा नको म्हणाले, म्हणजे ठरवून आले होते. राजापेठच्या एका शाळेत तिला पाचवीला जागा मिळते आहे. पुढच्या सोमवारपर्यंत सांगायचं. "पोरगी खूश हाय मॅडम, त्याबद्दल काही म्हननं नाई. पन तिले काय येते, मले कसं समजन? ना पेपर, ना नंबर."
वह्या दाखवल्या. त्यांनी पाहिल्या, परत दिल्या.
शाळा सुरू झाली तेव्हा पोरं दोनच. प्रज्ञा आणि सोहेल. ती गेली तर

१८ मार्च, मंगळवार
सभेत प्रज्ञानं हात वर केला. "आपल्याकडे परीक्षा पायजे." पोरं हसली. ती नाही. "पेपर झाला तं बाबाले समजन. मंग ते मले नेनार नाईत."
मत घेतलं. इथं प्रत्येकाला एक, मलाही एकच. मी विरुद्ध. पोरं सगळी बाजूनं, आणि वंदनाही. माझ्याबरोबर कॉलेजची नोकरी सोडून आलेली वंदना.
नंतर तिला विचारलं, असं का. ती म्हणाली, "तू शाळा पोरांसाठी काढली, का परीक्षेवरच्या रागापायी?"
मी भाजी चिरत बसले.

२० मार्च, गुरुवार
पोरांना परीक्षेचं भारी कौतुक. प्रत्येकानं एक प्रश्न आणायचा. सोहेलचा: चिखलदऱ्याला थंडी, मग बडनेऱ्याला का नाही? धनश्रीच्या घरी झेंडूची शेती. तिचा प्रश्न हारांच्या हिशेबाचा, अवघड आहे. सगळ्यात लहान युग: "मांजरीले राग काहून येते?" हा काढून टाकू म्हटलं, तर सभा माझ्यावर उलटली. राहिला.
इंगळ्यांना शनिवारी बोलावलंय. प्रज्ञा स्वतःच सांगून मोकळी.

२२ मार्च, शनिवार
कागद वाटले. सगळे गंभीर. काही वेळ पूर्ण शांतता, या शेडमधली पहिलीच. मला ती आवडली.
मग प्रज्ञा उठली, सोहेलजवळ जाऊन बसली. "थंडीचं मले नाई समजलं. सांग." त्यानं कागद उलटा करून डोंगर काढला, समजावलं. मग सगळेच उठले, रोज उठतात तसे. परीक्षेत दुसऱ्याला विचारायचं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्हा दोघींनाही सुचलं नाही.
इंगळे दारात उभे. "हे कायची परीक्षा, मॅडम? समदे एकमेकाले इचारून राहिले."
युग कागद घेऊन त्यांच्याकडे गेला. "काका, मांजरीचं तुमाले येते का?"
"मले सांगता येत नाई बापा. परीक्षा हाय तुयी."
"मंग कोनाले इचारू?"
इंगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढून आत आले, त्याच्याजवळ उकिडवे बसले. "शेपटीवर पाय देला का तू तिच्या?"
जाताना प्रज्ञाचा कागद मागून घेतला. घडी करून खिशात. सोहेलचा डोंगर तिच्या कागदावर नाही, पण थंडीचं उत्तर आहे, तिच्या शब्दांत. मार्क किती, विचारलं नाही.

२३ मार्च, रविवार
वंदना म्हणते इंगळ्यांना फोन कर. मी म्हणते नको. दोघींनी मिळून शेड झाडलं.

२४ मार्च, सोमवार
प्रज्ञा आली, वडिलांच्या गाडीवर, नेहमीसारखी. उतरली आणि पळाली. इंगळे गाडीवरच, गाडी चालू.
"राजापेठवाल्याईले अजून आठ दिवस मागतले." मग म्हणाले, "पन मॅडम, पुढच्या खेपेले पोरं दूर दूर बसवजा."
म्हटलं, ते सभेत मांडावं लागेल.
"मंग मांडा ना."
"ज्याला हवं असतं त्यानंच मांडायचं, अशी रीत आहे."
झाडाखाली पोरं गोल करत होती. इंगळ्यांनी घड्याळ पाहिलं. ड्यूटीची वेळ झाली असणार.
गाडी बंद केली.