घराण्याची ठेवण

चेरुतुरुत्ती,
रविवार, १२ मार्च

लाडक्या श्यामिलीस,
अम्माचे आशीर्वाद. इथे सगळं ठीक. तुझ्या अच्छनचा गुडघा कुरकुरतो, पण त्यांच्यापेक्षा कमीच. फणस उदंड लागलेत. गर गुळात आटवून ठेवलाय, कुणी तिकडे येणारं असलं की पाठवते. तुझ्या लग्नाची कसवू साडी आली. सोनेरी काठ असा झळकतो की तुझ्या मामीचं तोंड बघण्यासारखं झालं!

परवा फोनवर तू विचारलंस, "अम्मा, मग ऑपरेशनचं नक्की करू ना?" आणि मी म्हणाले, "थांब, सांबार उतू चाललंय." काही उतू जात नव्हतं गं. अच्छन शेजारी पेपर धरून बसले होते, आणि त्यांचे कान पेपरात नसतात.

म्हणून लिहितेय. पार्लरातली पोरगी वॅक्सिंग करताना म्हणाली, "मॅडम, तुमचं खाली हे असं लोंबतं कसं?" आणि तू येत्या शुक्रवारी ते कापून घ्यायला निघालीस. म्हणे लग्नानंतर प्रजीषला किळस येईल. अगं, त्या बिचाऱ्याने अजून तुझा हातही धड धरला नाही!

दुखत नाही, खुपत नाही, असं तूच म्हणालीस. मग?

माझं ऐक आता. आपल्या तळ्यावर आम्ही बायकांनी जन्मभर एकत्र अंघोळ केली, पण छातीवर मुंडू बांधून. नवऱ्यांची, सासवांची सालटी काढली, अंगावरचं ओलं मुंडू मात्र कुणी सुटू दिलं नाही. मला कायम वाटायचं, देवाने माझ्यातच काहीतरी चुकवलंय. नवरा असून अच्छनना मी रात्री कधी दिवा लावू दिला नाही. तुझ्या बाळंतपणानंतर टाके नीट भरले नाहीत, जळजळायचं, अंगावरून जायचं. डॉक्टरीणबाईंना दाखवायचं कसं? वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलं.

मग माझी अम्मा, तुझी अम्मम्मा, अंथरुणाला खिळली. तिला तेल लावून मीच न्हाऊ घालायचे. पहिल्याच दिवशी तिचं मुंडू सोडलं आणि माझा हात थबकला. हुबेहूब माझ्यासारखं. एक बाजू लांब, तीसुद्धा तीच.

"काय बघतेस गं?"

"अम्मे, माझंही असंच आहे."

म्हातारी खुदकन हसली. "मग कुणासारखं असणार? शेजारच्या तंकमणीसारखं?"

मी तिथेच न्हाणीत बसून रडले. त्याच आठवड्यात दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषध दिलं, बरं वाटलं. निघताना धीर करून विचारलंच. त्या म्हणाल्या, "नाकं कशी सगळ्यांची वेगवेगळी, तसेच हे योनीचे ओठ. यात काही बिघडलेलं नाही." इतकंच! आणि एवढ्यासाठी मी निम्मा जन्म तोंड लपवत काढला.

फोनवर तू सांगू लागलीस, कसं आहे, कुठली बाजू लांब आहे, तेव्हाच मी ओळखलं.

शरीर तुझं आहे, मोळे, माझ्या लेकी. दुखत असतं तर मीच हात धरून नेलं असतं. पण किळसवाणं म्हणून जे कापायला निघालीस, तेच अम्मम्माचं होतं, तेच माझं आहे. आमची किळस येत असेल तर खुशाल जा. नसेल येत, तर शुक्रवारी गाडीत बस आणि घरी ये.

अगदी तुझ्यासारखीच,
अम्मा