परक्याचा थेंब

५ जानेवारी, विटा

हिमोग्लोबिन चार! कावीळ उतरून महिना होऊन गेला, तरी ऋषिराजच्या हिरड्यांतून रक्त येतंच आहे. कोईमतूरहून आला तेव्हाच नवरा माझा पांढराफटक झाला होता. सासूबाईंचं एकच पालुपद — "गलाईच्या ॲसिडानं खाल्लं माझ्या पोराला." सोनं गाळणारे इथे घरटी एक आहेत, मग बाकीचे धडधाकट कसे? विचारलं नाही. त्यांचाही जीव तुटतोय.

७ जानेवारी

धाकटे दीर, शिवतेज भाऊजी, जम्मूहून सुट्टी काढून थेट दवाखान्यात. रक्तगट एकच! रक्तपेढीतून आलेली पिशवी सासूबाईंनी परत पाठवली. "सख्खा भाऊ हुबा असताना परक्याचं रक्त कशाला?" मलाही पटलं. संध्याकाळी ऋषिराजच्या ओठांवर जरा रंग आला.

१९ जानेवारी, सांगली

कमरेच्या हाडातला मगज तपासला. रिकामा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कावीळ विषाणूची होती. तो गेला. पण त्याच्याशी लढायला उठलेल्या पेशी आता मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशींनाच मारतायत." कुंपणानंच शेत खाल्लं. आता भावाचा मगज जुळला आणि तो चढवता आला, तरच.

२ फेब्रुवारी

जुळला! पूर्ण जुळला!

मग डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "आधी कुणाचं रक्त दिलंय?" भाऊजी चहा आणायला गेले होते. सासूबाई ताठ मानेनं — "सख्ख्या भावाचं. परक्याचा थेंब लावू दिला न्हाई!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "भावाचंच नको होतं द्यायला. शरीरानं त्याच्या पेशी ओळखून ठेवल्या असतील. मगज नाकारायचा धोका वाढला." दुसरं कुणी जुळत नाही. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांच्यावर चिडावं, तर मी तरी कुठे अडवलं होतं?

३ फेब्रुवारी

ऋषिराज म्हणाला, "शिवाला यातलं कायबी कळू द्यायचं न्हाई. माझी शपथ हाय."

१२ मार्च, पुणे

औषधांनी ऋषिराजचे केस सगळे गेले. आज भाऊजींचा मगज चढवला. यमाई, आता तूच बघ.

१९ एप्रिल

नव्या पेशी आल्याच नाहीत. शरीरानं मगज नाकारला. नर्स म्हणाली, पुन्हा रक्त लागेल. भाऊजी बाही सरसावत उठले — "माझं घ्या की!"

"नको! तुमचं नको!" — मी ओरडलेच.

भाऊजींनी बाही खाली ओढली. हळूच म्हणाले, "वहिनी... माझ्यामुळं?"

मला खोटं बोलता आलं नाही.