सीलबंद शेडमधील एन्सिमा आगारासा

प्रति,
मा. कामगार अधिकारी,
कामगार कार्यालय, पुएर्तो लुचे, चिलोए बेट

विषय : एन्सिमा आगारासा ही बाई नसल्याबाबत व शेड उघडून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षकांनी दारावर चिकटवलेला सीलचा कागद (सध्या दारावर नाही, खुलासा परि. ३).

महोदय,

१. अर्जदार ओतिलिया रेमोलकोय ही पेलिल्यो शेवाळ वेचणाऱ्या बायकांच्या गटाची प्रमुख आहे. शेडमधल्या कोमट टाकीत शेवाळ घालून त्याचा गोड पाक करतात. शेवाळातला चिकट भाग तोडून साखर करणारे द्रव्य, म्हणजे विकर, त्यात चमचाभर पुरते. त्यालाच इकडे 'एन्सिमा आगारासा' म्हणतात.

२. निरीक्षक श्री. बालदोमेरो उयोआ यांनी विचारले, "शेवाळ कोण तोडतं?" अर्जदाराने नाव सांगितले. साहेबांनी ते आडनावासकट लिहून घेतले. "रात्रपाळीला पण?" "रात्रंदिवस, साहेब. तिला झोपच नसते." "पगार?" "छदाम नाही. पण कामाला वाघीण!" "आणि काम संपलं की?" "उकळतो. त्याशिवाय ती थांबतच नाही." यावर साहेबांच्या हातातले माते या इकडच्या कढत चहाचे भांडे पडले आणि शेडला सील लागले. पोलिसांनी टाकीत शिडी सोडून हाका मारल्या. पाद्रीबाबा प्रार्थना करून गेले. अर्जदाराच्या सख्ख्या सासूने तर 'एन्सिमा स्वभावाने गरीब होती, सुनेनेच छळली' असा जबाब दिला आहे.

३. सील लावतेवेळी साहेबांकडे डिंक नव्हता. गावात सगळे पेलिल्यो उकळून खळ करतात. तीच अर्जदाराने माणुसकीने दिली. टाकी गळते हेही सांगितले. तरी साहेबांनी कागद अगदी उंबऱ्यालगत लावला. गळणाऱ्या पाकासोबत एन्सिमा दाराखालून आली व तिने ती खळ फस्त केली. आज सकाळी कागद आपोआप सुटून पडला. अर्जदाराने दाराला बोटही लावलेले नाही.

४. गावातल्या बायकांचा सगळा हंगाम त्या टाकीत आहे. दोन दिवसांत पाक आंबून त्याची दारू होईल, मग दारूच्या परवान्याचे साहेब येतील. अर्जदार अगदी रडकुंडीला आली आहे.

तरी एन्सिमा ही बाई नाही, असे लेखी देऊन शेड उघडावी. ते नियमात बसत नसल्यास, सदर बाई जिवंत असून स्वतः दाराबाहेर आली, याची नोंद घ्यावी, अर्जदारावरील खुनाचा संशय मागे घ्यावा आणि सील तोडल्याचा गुन्हा बाईवरच लावावा. अर्जदार तिला जामीन राहण्यास तयार आहे.

दाराबाहेर ताटकळत उभी,
आपली नम्र,
ओतिलिया रेमोलकोय
दि. १४ मार्च

सोबत : सीलचा कागद (मागची बाजू चाटूनपुसून स्वच्छ)