उलटी फिरलेली बदकीण

१९ डिसेंबर १९३८, सोमवार

आज पोर माझ्या गळ्याशी भांडली. माझ्याशी नव्हे — गळ्याशी!

गळ्यात सवतीचा टाक आहे. चांदीचा, चिंचोक्याएवढा, त्यावर एक बाई उभी. नाकडोळे सोनाराने काढलेच नाहीत, घाईत असावा. मी दुसरेपणाची, म्हणून वैशाखात लग्न लागलं तेव्हाच सासूबाईंनी घातला. पहिलीचा मान राहावा, तिने नवीला त्रास देऊ नये, यासाठी. पहिली बिचारी काहीच त्रास देत नाही. देते ती तिची सहा वर्षांची लेक, शकू. टाक बांधताना सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, ही बघ तुझी आई. पोरीने ते धरून ठेवलं. तेव्हापासून ती टाकाशी बोलते. आई, हिला सांग भाकर करपवू नको. आई, हिला सांग वेणी ओढून घालू नको. 'हिला' म्हणजे मला. मी नुसती टाक अडकवायची खुंटी. खुंटीला कोण विचारतं?

आज तिला दूध नको झालं. टाकाकडे बघून म्हणाली, "आई, तू हिला जायला का नाय सांगत?"

दूध मी प्यायले.

२१ डिसेंबर

हे कल्याणला गवताच्या गाड्या पोचवून आले. पोरीने त्रास दिला का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मला कसला त्रास, ती माझ्याशी बोलते कुठे? ह्यांनी तंबाखू काढून मळायला घेतली. बोलायचं टाळायचं असलं की हे तंबाखू मळतात. लग्न झाल्यापासून पुष्कळ मळून झाली आहे.

ही वही आमच्या बाबांनी दिलेली. ते शहापूरला टपाल वाटतात, मला सातवीपर्यंत शिकवलं. सासरी पाठवताना म्हणाले, जे बोललीस तर घर मोडेल ते इथे लिही. बाबांना आपली लेक चांगली ठाऊक आहे. अर्धी वही भरली!

२४ डिसेंबर

शकू रोज दुपारी बांधावर जाऊन बसते. मला वाटलं चिंचा राखते. आज विचारलं, तर टाकाला उत्तर मिळालं — "आई आटगावहून येईल ना, गाडी दिसायला पाहिजे."

घरी येऊन सासूबाईंना विचारलं. आधी म्हणाल्या, तुला काय करायचंय? मग सांगितलं. पहिली, कमळी, गेल्या वर्षी कार्तिकात बाळंतपणात गेली. मुलगा होता, तोही गेला. शकूला शेजारच्या गुणाबाईंकडे नेऊन ठेवलं होतं, आणि परत आणली तेव्हा सांगून टाकलं की आई आटगावला मामाकडे गेली, येईल. वर्ष उलटलं. आई येतेच आहे.

म्हणजे बाई एक, आणि ठेवली आहे दोन ठिकाणी. आटगावला मामाकडे, आणि माझ्या गळ्यात. शाबास! सहा वर्षांच्या पोरीने हे कसं जुळवून घेतलं असेल तीच जाणे. मोठ्यांना जुळवावं लागत नाही, मोठे तंबाखू मळतात.

मी म्हटलं, तिला खरं सांगायला हवं. सासूबाई म्हणाल्या, "मग तू सांग. सावत्र आईच्या तोंडी शोभेल ते."

मी सांगितलं तर पोर म्हणेल, हिनेच मारली.

२ जानेवारी १९३९

शकूला ताप. 'आई पाहिजे' म्हणून हट्ट. टाक गळ्यातून काढायचा नसतो. म्हणून टाकासकट मी, सकाळपासून तिच्या उशाशी. खुंटीलाही कंबर असते हे कुणाच्या ध्यानात नाही.

ताप उतरला. बरं वाटलं. कुणाला सांगू नये इतकं बरं वाटलं.

६ जानेवारी, शुक्रवार

काल म्हसाच्या जत्रेला गेलो होतो. गाडीत सासूबाई, शकू, मी, आणि ह्यांना विकत घ्यायच्या बैलाबद्दलची चर्चा. बैल घेतला नाही. चर्चा परत आणली.

सांज झाल्यावर तंबूत शिनेमा बघितला. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मध्ये कनात. शिनेमा म्हणजे माणसांचा नव्हे, चितारलेला. गोऱ्यांच्या मुलखातली बदकीण आणि तिचं एक पिल्लू. कागदावर काढलेली बदकं चालतात, पाण्यात बुडी मारतात, शेपटी झटकतात! शकू तोंड उघडं टाकून बसली. पडद्याशेजारी एक माणूस छडी घेऊन गोष्ट सांगत होता. "बघा मंडळी, माउली बघा," असं म्हणायचा आणि पेटीवाला सूर धरायचा.

मग आभाळातून पांढरं पांढरं पडायला लागलं. बायकांत वाद. कुणी म्हणे कापूस, कुणी म्हणे मीठ. सासूबाई म्हणाल्या, पिठाची गिरण फुटली असेल. छडीवाला म्हणाला बर्फ. कुणाला पटलं नाही.

तळं गोठलं. पिल्लाला चारा मिळावा म्हणून बदकीण चोचीने बर्फ फोडत राहिली, फोडता फोडता भोक पडलं आणि ती खाली गेली. वर आलीच नाही. पिल्लू भोकाशी बसून राहिलं. पोरांसाठी काढलंय म्हणे! कनातीपलीकडे बैल विकणारे बाप्ये नाक ओढत होते. पुढे बर्फ वितळला, हिरवळ आली, पिल्लू एकटंच पोहायला शिकलं, संपलं. छडीवाल्याने बोध सांगितला — ऋतू बदलतो, पोरांनो, रडत बसू नका. स्वतः उपरण्याने डोळे पुसत होता.

इथवर ठीक. घात पुढे झाला. यंत्रवाल्याला फीत परत गुंडाळायची होती. दिवा न विझवता त्याने ती उलटी फिरवली, पोरांना मजा म्हणून. हिरवळ गेली, बर्फ आला, आणि भोकातून पाय वर करून बदकीण बाहेर! शेपटीकडून चालत पिल्लाजवळ आली. सगळा तंबू खो खो हसला.

शकू हसली नाही. तिने माझा हात धरला. माझा! टाक नव्हे, हात. केवढा घट्ट. मला वाटलं, मिळाली पोर. मी किती मूर्ख आहे ते आज सकाळी कळलं.

७ जानेवारी

शकू उलटी चालते. परसात उलटी, विहिरीवर उलटी. कोंबडीवर पडली, कोंबडी वाचली. सासूबाई म्हणतात बाहेरचं झालं, भगताला बोलवा. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, पोरीचा खेळ आहे.

खेळ नाही. मला कळतंय.

९ जानेवारी

आज पोरीने सगळं सांगितलं. टाकाला नाही, मला. वर बघून, नीट. जत्रेपासून तिला माझा चेहरा दिसायला लागलाय, कारण आता काम माझ्याकडे आहे.

तिचं म्हणणं असं. बदकीण मेली नव्हती, पुढे गेली होती. सगळे उलटे गेले तशी परत आली. आपल्या घरी आई गेली, मग तू आलीस. आता तू उलटी जा. तू आलीस तशीच मागे मागे गाडीपर्यंत जा, शहापूरला जा. मग आई येईल. मग मी गुणाबाईंकडे उलटी जाईन, आणि आई परत घरात असेल.

हिशेबात चूक काढून दाखवा! मला तर काढता आली नाही. सातवी पास आहे मी.

"जाशील ना?" म्हणाली. इतकं गोड ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी उद्या बघू म्हटलं. मोठ्यांसारखं. म्हणजे लाज वाटण्यासारखं.

१० जानेवारी

गेले. उलटी.

हे कल्याणला, सासूबाई देवळात. शकूने माझ्या डोक्यावर पदर नीट केला, लग्नात होता तसा. उंबरठा मागे पाय टाकून ओलांडला. वैशाखात आले तेव्हा ह्याच उंबरठ्यावर माप लवंडलं होतं, तांदूळ सांडले होते, आणि दारामागून ही पोर माझ्याकडे बघत होती. आज ती पुढे चालत मला वाट सांगत होती, इकडे दगड, इकडे शेण. अंगण ओलांडलं, आंबा ओलांडला. महादू लोहार भाता सोडून उभा राहिला. त्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला. गावात आता चार महिने पुरेल एवढा विषय झाला, काही नाही तर तेवढं पुण्य.

बांधावर पोचलो. लग्नाची गाडी जिथे थांबली होती तिथे. शकूने मला उभं केलं आणि तोंड घराकडे वळवून बघत राहिली.

दार उघडं होतं. आत कुणी हललं नाही. बराच वेळ. मग एक कुत्रं बाहेर आलं.

"तू अजून जवळ आहेस," म्हणाली. "अजून मागे जा."

मी गेले असते. खरंच सांगते, त्या क्षणी शहापूरपर्यंत गेले असते. पण मग ती त्या बांधावर उभीच राहिली असती, आणि संध्याकाळी सासूबाईंनी तिला सांगितलं असतं की ही पण मामाकडे गेली.

मी खाली बसले. म्हटलं, "शकू, तुझी आई आटगावला नाय. ती मेली. बाळ होताना मेली, बाळ पण मेलं. तिला नदीवर नेऊन जाळलं. मी शंभर वेळा उलटी चालले तरी ती येणार नाय."

"बदकीण आली."

"ती चितारलेली होती. तुझी आई खरी होती."

तिने मला मारलं. तोंडावर, छातीवर, दोन्ही हातांनी. दंडाला चावली. मी हलले नाही. खुंटीचा सराव कामी आला. मारून दमली तेव्हा म्हणाली, "सगळ्यांना ठाऊक होतं?"

हो म्हटलं.

"कुत्र्याला पण?"

मी रडले. ती रडली. महादूच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि काही विचारलं नाही. आजवर त्या बाईविषयी जे जे लिहिलं ते मागे घेते.

११ जानेवारी

शकू कुणाशी बोलत नाही. टाकाशीही नाही.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. घर कसं शांत!

१२ जानेवारी

हे आले. सासूबाईंनी पाय धुवायच्या आधीच सगळं ऐकवलं. नव्या सुनेने पोरीचं काळीज फोडलं, उलटी चालून गावात हसं केलं, वगैरे. ह्यांनी तंबाखूची पिशवी काढली. मी मनात म्हटलं, झालं.

पिशवी तशीच हातात राहिली. शकू समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कुठं जाळली ते दाखव."

हे उठले. तिला कडेवर घेऊन नदीवर गेले. अंधार पडायच्या आत परत आले. दोघांचे डोळे लाल. हे ओट्यावर बसून कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "मला सांगता येत नव्हतं." आणि गुडघ्यात डोकं घालून रडले. माझ्यासमोर पहिल्यांदा. ह्यांना रडता येतं हे मला आठ महिन्यांनी कळलं. सासूबाई चुलीकडे तोंड करून बसल्या, पाठ हलत होती.

म्हणजे ह्या घरात वर्षभर दोन मोठी माणसं रडायची थांबून बसली होती, आणि शहाणी एकच पोर, जी वाट बघत होती.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. आमच्या घरात आधी बोला, गोडाचं मग बघू.

शकूने तिळगूळ घेतला. जेवली. मग माझ्याजवळ येऊन बसली, दंडावरचा दातांचा वण बघितला, दुखतो का विचारलं. हो म्हटलं. तिला ते बरं वाटलं असावं, कारण आता खोटं ऐकायची तिची तयारी नाही.

मग म्हणाली, "तू मरणार असशील तर मला आधी सांग. गुणाबाईंकडे पाठवू नको."

कबूल केलं. असलं कुणी कबूल करतं का? पण केलं.

२३ जानेवारी, सोमवार

पाळीचे अकरा दिवस वर गेले. आज सकाळी दोनदा ओकले, आता शंका नाही. सासूबाईंनी बोटं मोजली असतील, ह्यांना पत्ता नाही. तोंडाने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

शकूला परसात नेलं आणि बाळ होणार हे तिला पहिलं सांगितलं. तिने माझ्या पोटाकडे बघितलं. मग विचारलं, "तू पण?"

मी म्हटलं, "ठाऊक नाय गो."