घाटकोपरची चंपा

मुलुंड, १२ जानेवारी २०२५

ती. शेवंतीताईस,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण घरातल्या माणसांपेक्षा कमीच. फोनवर हे धड सांगून होत नाही, म्हणून कागद घेतला.

माझ्या विद्याधरने आपल्या घराच्या आठवणींचं पुस्तक छापण्याआधी मला तपासायला दिलं. काना-मात्रा बघत होतो, आणि तुझ्या पानावर थबकलो. सातव्या वर्षी तू घाटकोपरला एका घरी मूल सांभाळायला होतीस! तिथल्या सासूबाईंचं नावही शेवंती. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं कसं? म्हणून तुलाच चंपा केलं. चार वर्षं तू चंपा. आई न्यायला आली, दारातून शेवंती शेवंती म्हणून हाका मारत राहिली, आणि तू मान वर न करता भांडी घासतेयस.

ताई गो, मी तुझ्या पाठचा भाऊ, सत्तरी ओलांडली, तरी मला हे ठाऊक नाही! हाकेला उशिरा ओ देतेस म्हणून आम्ही तुला बहिरी बाय चिडवायचो, तू हसून घालवायचीस. एवढंसं पोर, कडेवर दुसऱ्याचं पोर. ते पान पुढ्यात ठेवून मी हात जोडून बसलो, खोटं नाही सांगत.

हे पान काढून टाक, असा तुझा विद्याधरला निरोप आलाय म्हणे. नको गो काढू. आपण कुणाच्या कडेवर वाढलो, ते नातवंडांना कळू दे.

लोभ आहेच, त्यात भर घाल.
तुझा दत्तू


दिंडोशी, २० जानेवारी २०२५

चि. दत्तूस ताईचे अनेक आशीर्वाद.

मेल्या, पत्र लिहिताना रडतात काय? शाई फुटलीय सगळी. माझी सून विनिता गॅसवाल्याला फोनवर खड्या आवाजात माझं नाव सांगते. ऐकून बरं वाटतं.

पान काढ म्हटलं ते माझ्यासाठी नव्हे, आईसाठी. विद्याधरने गोष्ट भांड्यांपाशीच सोडलीय. वाचणारा म्हणेल, कसली ही आई! आबांचं गिरणीतलं काम गेलेलं, तू अंगावर पिणारा, आणि तिच्याच पोटात अन्न नाही. तिथे मला दोन वेळ जेवायला मिळत होतं. तिने मला टाकलं नव्हतं रे, जेवायला धाडलं होतं.

पुढचं मी कुणाला सांगितलं नाही. घाटकोपर ते कुर्ला आम्ही चालत आलो. आईने माझं बोट धरलं नाही. थोडं पुढे जायची, मागे न बघता शेवंती म्हणून हाक द्यायची, आणि मी ओ देईपर्यंत पाऊल उचलायची नाही. आधी मी आजूबाजूला बघायचे, कुणाला बोलावतेय म्हणून. कुर्ला आलं तेव्हा कुठे हाकेसरशी ओ गेली. तशी आई भर रस्त्यात मटकन खाली बसली.

एवढं विद्याधरला लिहायला सांग. मग राहू दे पान.

माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई